‘अरे’ला ‘कारे’ म्हणण्यापूर्वी

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला एक प्रसंग सांगून या लेखाला सुरुवात करतो. प्रसंग तसा लहानसा, आणि त्यात शोभा झाली ती माझीच. परंतु चिथावणीच्या भाषणाला विरोधकाने उत्तर कसे द्यावे, हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याआधी मारुतीच्या पारासमोर भेटला, म्हणून तेथूनच आरंभ करणे बरे.

गावाच्या पूर्वेकडील माळावर धरणग्रस्तांची वसाहत आहे. तिला वसून बरीच वर्षे झाली, पण गावाच्या तोंडी तिचे नाव अजून ‘धरणवाल्यांची वस्ती’ असेच आहे. वस्तीवरचा हातपंप होळीच्या सुमारास आटतो. मग तेथल्या बाया गावच्या सार्वजनिक आडावर पाण्याला येतात. वैशाखात आडाचाही तळ दिसू लागतो आणि रांगेत धुसफूस सुरू होते. नळयोजनेचे चर खणून झाले होते, नळ मात्र आले नव्हते. अशा दिवसांत प्रचाराची शेवटची सभा भरली. एका उमेदवाराने बोलता बोलता आवाज एकदम खाली आणला आणि म्हटले, “आज त्यांनी माळ घेतला. उद्या तुमच्या आडावर बसतील, परवा तुमच्या ओसरीवर. मग म्हणू नका, कुणी सांगितलं नव्हतं!”

टाळ्या पडल्या. माझे डोके भडकले. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करीत असल्याची थोडी घमेंडही त्यात असावी. मी उठून ओरडलो, “तुम्ही खोटारडे आहात! भावाभावांत भांडणं लावून मतं मागता, लाज नाही वाटत?” त्याला राग आला नाही. तो हसला. माझ्याकडे बोट दाखवून लोकांना म्हणाला, “बघा मंडळी, आपलीच पोरं शिकून कुणाची बाजू घेतात ते!” पुढे जो गलका झाला त्यात सभा संपली.

दुसऱ्या दिवशी दूध डेअरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच चर्चा होती. ती पाण्याची नव्हती, नळाची नव्हती, माळ कुणी घेतला की सरकारने दिला याचीही नव्हती. चर्चा होती, मी वडीलधाऱ्या माणसाला काय बोललो याची. आणि त्या दिवशी वस्तीवरची एकही बाई आडावर पाण्याला आली नाही. मी ज्यांची बाजू घेतली होती, त्यांच्या घागरी माझ्यामुळे रिकाम्या राहिल्या.

हे सारे मी राज्यशास्त्राच्या सरांना सांगितले. मला वाटले होते, सर पाठ थोपटतील. सर म्हणाले, “तू त्याला उत्तर दिलंस, की त्याचं भाषण पुरं केलंस?” आणि त्यांनी मला १९५० ते १९५४ या काळातल्या अमेरिकेबद्दल वाचायला सांगितले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. अमेरिकेची ही कथा निवडण्याचे कारण असे, की एकाच चिथावणीखोर पुढाऱ्याला विरोधकांनी जवळजवळ पाच वर्षे सर्व तऱ्हांनी उत्तरे देऊन पाहिली. त्यांतली कोणती फसली आणि कोणती लागू पडली, हे आज आपल्याला निवांतपणे तपासता येते.

९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हीलिंग या गावी रिपब्लिकन पक्षाच्या महिला मंडळापुढे जोसेफ मॅकार्थी या सिनेटरचे भाषण झाले. विस्कॉन्सिनमधून १९४६ साली निवडून आलेल्या या गृहस्थाचे नाव तोवर देशात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. भाषणात त्याने हातातला कागद उंचावून सांगितले, की परराष्ट्र खात्यात काम करणाऱ्या कम्युनिस्टांची यादी आपल्याजवळ आहे. वृत्तपत्रांत आकडा आला २०५. पुढे तोच आकडा ५७ झाला, आणि २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये बोलताना ८१ झाला. आकडे बदलत होते. पण कागद उंचावलेला हात लोकांच्या मनात तसाच राहिला.

लोकांनी यावर विश्वास का ठेवला? ते मूर्ख होते म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाने अणुबाँबची चाचणी केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यातील एक माजी अधिकारी अल्जर हिस याला शपथेवर खोटे बोलल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. व्हीलिंगच्या भाषणाच्या थोडेच दिवस आधी क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ अणुबाँबची गुपिते रशियाला दिल्याबद्दल इंग्लंडमध्ये पकडला गेला होता. म्हणजे भीतीला जागा होती. १९९५ पासून उघड झालेल्या सांकेतिक तारांवरून तर आज निश्चित माहीत आहे, की सोव्हिएत हेर अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेत खरोखर शिरलेले होते. मॅकार्थीचे खोटेपण भीतीत नव्हते. ती भीती पुराव्यावाचून ज्यांच्या माथी तो मारीत होता, त्या माणसांच्या निवडीत होते.

येथे चिथावणीच्या भाषणाची घडण समजून घेतली पाहिजे. अशा भाषणात तीन गोष्टी असतात. पहिली, ऐकणाऱ्याच्या मनातली एखादी खरी काळजी: पाणी, नोकरी, शत्रूचे भय. दुसरी, त्या काळजीचे कारण म्हणून दाखवलेला एखादा सोपा आणि जवळचा माणूस किंवा गट. या दोहोंचा जोड पुराव्याने नव्हे, केवळ आवाजाच्या चढउताराने बसवलेला असतो. तिसरी गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. ती म्हणजे विरोधकासाठी मांडलेला सापळा. विरोधक चिडावा, शिव्या द्याव्यात, निदान गप्प बसून दोषी दिसावे, अशी सोय त्या भाषणात आधीच केलेली असते. आमच्या गावच्या उमेदवाराला माझ्या आरड्याओरड्याचा राग आला नाही, कारण त्याच्या भाषणात माझी जागा मोकळी ठेवलेली होती. मी फक्त तिच्यावर जाऊन बसलो.

मॅकार्थीच्या विरोधकांनी प्रथम दिलेले उत्तर म्हणजे ‘अरे’ला ‘कारे’. मार्च १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी वार्ताहरांपुढे सांगून टाकले, की क्रेमलिनची सर्वांत मोठी ठेव कुणी असेल तर ती मॅकार्थीच. वाक्य चटकदार होते आणि ट्रूमन यांचे चाहते खूशही झाले. पण देशात हेर आहेत की नाहीत, असतील तर सरकार काय करीत आहे, हा लोकांचा प्रश्न त्याने सुटला नाही. उलट, १९४८ साली हेरगिरीच्या चौकशीची बातमी आली तेव्हा ट्रूमन यांनी ती चौकशी म्हणजे लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवण्याची हिकमत आहे, अशा अर्थाच्या शब्दाला मान डोलावली होती. ते लोक विसरले नव्हते. ज्याची भीती झटकून टाकली जाते, तो भीती दाखवणाऱ्याच्या जवळ सरकतो. म्हणून ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार झाला. आग ऐकणाऱ्याच्या मनात लागली होती आणि पाणी मारले जात होते बोलणाऱ्यावर.

दुसरे उत्तर होते अहवालाचे. मेरीलँडचे सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटच्या उपसमितीने आरोपांची चौकशी केली आणि जुलै १९५० मध्ये हे सारे प्रकरण म्हणजे फसवणूक व बनवाबनवी आहे असा निर्वाळा दिला. सत्य त्यांच्या बाजूने होते. तरीही हे उत्तर फसले, आणि त्याची कारणे शिकण्यासारखी आहेत. अहवाल लांबलचक होता, आरोप एका ओळीचा होता. अहवालाच्या बाजूने फक्त डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद होते, त्यामुळे लोकांना तो न्यायनिवाडा वाटण्याऐवजी आपल्या माणसांवर घातलेले पांघरूण वाटले. शिवाय २५ जून रोजी कोरियात युद्ध पेटले होते. कम्युनिस्ट सैन्याशी लढायला मुले निघालेली असताना अहवालाची पाने कोण उलटणार? नोव्हेंबरच्या निवडणुकीत टायडिंग्ज पडले. प्रचारात त्यांचे एक चित्र वाटण्यात आले होते. त्यात ते अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे माजी नेते अर्ल ब्राउडर यांचे म्हणणे कान देऊन ऐकत असल्याचे दिसत होते. दोन वेगवेगळी छायाचित्रे जोडून ते तयार केलेले होते. तसे बारीक अक्षरात छापलेलेही होते. पण बारीक अक्षरे वाचतो कोण?

येथे वृत्तपत्रांविषयीही बोलले पाहिजे. सिनेटर काय म्हणाला ते जसेच्या तसे छापायचे आणि त्यावर आपले मत द्यायचे नाही, हा तेव्हाच्या वार्ताहरांचा निःपक्षपातीपणा होता. मॅकार्थीने तो नेमका हेरला. अंक छपाईला जाण्याच्या वेळेच्या जरासेच आधी तो नवा आरोप करी. सकाळी आरोप पहिल्या पानावर मोठ्या टायपात येई. ज्याच्यावर आरोप झाला त्याचे म्हणणे दुसऱ्या दिवशी आतल्या पानात येई, आणि तोवर नवा आरोप तयार असे. आज तर भाषण संपायच्या आत त्याचा तुकडा हजारो मोबाइलवर पोचतो आणि खुलासा दुसऱ्या दिवशी धापा टाकीत येतो. साधने बदलली, पण चाल तीच आहे.

तिसरे उत्तर मौनाचे. जनरल आयझेनहॉवर १९५२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षातर्फे उभे होते. युद्धकाळात त्यांचे वरिष्ठ असलेले जॉर्ज मार्शल यांच्यावर मॅकार्थीने १९५१ मध्ये सिनेटमध्ये देशद्रोही कटाचा ठपका ठेवला होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये मॅकार्थीच्याच राज्यात, मिलवॉकी येथे, आयझेनहॉवर यांचे भाषण व्हायचे होते. त्यात मार्शल यांच्या बाजूने लिहिलेला एक परिच्छेद होता. पक्षातल्या लोकांनी गळ घातली आणि तो परिच्छेद भाषणातून गाळला गेला. पुढे अध्यक्ष झाल्यावरही त्यांचे धोरण असेच राहिले, की या माणसाशी चिखलात उतरून झोंबी घ्यायची नाही. पडद्याआडून काय करायचे ते करावे. या धोरणाचे समर्थन करणारे इतिहासकार आहेत. परंतु ज्यांच्या नोकऱ्या दरम्यान गेल्या, ज्यांच्याशी शेजारी बोलेनासे झाले, त्यांना पडद्याआडचे काय दिसणार? ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ हे वचन आपण उठसूट वापरतो; पण कुणाची तरी अब्रू चव्हाट्यावर फाडली जात असताना पाळलेले मौन हे संमतीचे लक्षण ठरते.

चौथे उत्तर सर्वांत फसवे: आपण त्याच्याहून कडवे होऊन दाखवणे. मॅकार्थीच्या विरोधी पक्षातील कितीतरी उदारमतवादी मंडळींना वाटले, की आपणही कम्युनिस्टांचे शत्रू आहोत हे जोरात सिद्ध केले म्हणजे या आरोपाची धार जाईल. ऑगस्ट १९५४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाला बेकायदा ठरवणारा कायदा झाला. त्यात पुढाकार ह्यूबर्ट हम्फ्री या नामवंत उदारमतवादी सिनेटरचा होता. असे केल्याने माणूस स्वतः कदाचित वाचतो, पण प्रतिपक्षाचे म्हणणेच तो आपल्या तोंडाने वदवतो. मग भांडण उरते ते एवढेच, की तेच काम जास्त जोमाने कोण करील.

तर मग काय लागू पडले?

पहिले म्हणजे, स्वपक्षातल्या माणसाने बोलणे. १ जून १९५० रोजी, म्हणजे मॅकार्थीचा बोलबाला वाढत असतानाच, मेन राज्याच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ सिनेटमध्ये उभ्या राहिल्या. त्या स्वतः रिपब्लिकन होत्या, आणि त्या वेळी सिनेटमध्ये त्या एकट्याच स्त्री सभासद होत्या. भीती, अज्ञान, धर्मांधता आणि चारित्र्यहनन या चार घोड्यांवर बसून आपल्या पक्षाने विजयाकडे जाऊ नये, असे त्यांनी सांगितले. मॅकार्थीचे नाव त्यांनी घेतले नाही. मात्र सरकारच्या ढिलाईवरही त्यांनी तितकीच कठोर टीका केली. म्हणजे ऐकणाऱ्यांची खरी काळजी त्यांनी मान्य केली आणि तिच्या आडून चाललेला खेळ नाकारला. आणखी सहा रिपब्लिकन सिनेटरांनी त्यांच्या निवेदनावर सह्या केल्या. मॅकार्थीने त्यांची ‘हिमगौरी आणि सहा बुटके’ अशी टिंगल केली आणि पुढे १९५१ मध्ये बाईंना चौकशीच्या उपसमितीवरून काढून टाकले. त्यांचे भाषण त्या दिवशी त्याला थांबवू शकले नाही. पण १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत मॅकार्थीच्या पाठिंब्याचा उमेदवार उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला प्रचंड फरकाने हरवले. विरोधकाने केलेली टीका लोक पक्षाची म्हणून सोडून देतात. घरच्या माणसाने केलेली टीका तशी सोडून देता येत नाही.

दुसरे म्हणजे, चिथावणी देणाऱ्याचे बोलणे सलग आणि शांतपणे लोकांपुढे ठेवणे. ९ मार्च १९५४ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर एडवर्ड मरो यांनी अर्ध्या तासाचा कार्यक्रम सादर केला. त्यात बहुतेक भाग मॅकार्थीच्याच चित्रफितींचा होता: त्याची भाषणे, त्याचे साक्षीदारांना दरडावणे, त्याचे हसणे. मध्येमध्ये मरो एवढेच सांगत, की येथे तो असे म्हणाला आणि वस्तुस्थिती अशी आहे. एका वेळी एक विधान आणि त्यापुढे एक पुरावा. टायडिंग्ज यांच्या अहवालात होते तेच सत्य, पण आता ते आरोपाइतकेच थोडक्यात आणि आरोपाच्या शेजारी उभे होते. मॅकार्थीला उत्तरासाठी तितकाच वेळ देऊ केला होता; तो त्याने ६ एप्रिलला वापरला आणि मरो यांच्यावरच आरोप केले. पाहणाऱ्यांना आदल्या कार्यक्रमाचा दाखला आयताच मिळाला. शेवटी मरो यांनी मॅकार्थीला नव्हे तर पाहणाऱ्यांना उद्देशून सांगितले, की मतभेद म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि ही भीती या माणसाने निर्माण केली नाही. त्याने फक्त तिचा वापर करून घेतला. दोष वाटून घेणारे ते बोलणे होते. म्हणून ते ऐकले गेले.

तिसरा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. १९५४ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत मॅकार्थी आणि अमेरिकन सैन्यखाते यांच्यातील वादाची सुनावणी झाली, आणि ती दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसली. सैन्याच्या बाजूने जोसेफ वेल्च नावाचे बॉस्टनचे वयस्कर वकील होते. ९ जून रोजी मॅकार्थीने एकाएकी वेल्च यांच्या कचेरीतील एका तरुण वकिलाचे नाव घेऊन तो एकेकाळी कम्युनिस्टांशी संबंध असलेल्या संघटनेत होता असे जाहीर केले. त्या तरुणाचा सुनावणीशी काही संबंध नव्हता. वेल्च यांनी तो आरोप खोटा आहे असे म्हटले नाही. तो तरुण पूर्वी त्या संघटनेत होता, त्याने ते आपल्याला आपण होऊन सांगितले आणि म्हणूनच या कामापासून आपण त्याला दूर ठेवले, हे सारे त्यांनी उघडपणे सांगितले. लपवण्यासारखे काही उरले नाही. मग त्यांनी विचारले, की एका पोराच्या आयुष्यावर असा डाग लावताना तुमच्याजवळ शालीनतेचा काही अंशच उरला नाही का? मॅकार्थी पुन्हा तोच विषय काढू लागला तेव्हा वेल्च यांनी पुढे चर्चा करायला नकार दिला. सभागृहात टाळ्या पडल्या.

आता माझे पारासमोरचे शब्द आठवा. मीही ‘लाज नाही वाटत?’ असेच विचारले होते. शब्द जवळजवळ तेच, परिणाम उलटा. कारण मी तो प्रश्न पहिल्या दमात, पुराव्याशिवाय, माझ्या रागासाठी विचारला. वेल्च यांनी तीस दिवस शांतपणे उलटतपासणी केल्यानंतर, प्रथम खरी हकीकत सांगून, दुसऱ्याच्या इज्जतीसाठी विचारला. निषेधाच्या शब्दाला वजन येते ते तो जपून वापरला असेल तरच.

त्या वर्षी जानेवारीत गॅलप यांच्या पाहणीत शंभरातील ५० लोक मॅकार्थीला अनुकूल होते आणि २९ प्रतिकूल. जूनमध्ये अनुकूल ३४ उरले आणि प्रतिकूल ४५ झाले. ध्यानात घ्या, ३४ तरीही उरलेच होते. कोणत्याही उत्तराने सगळे बदलत नाहीत. कडवा अनुयायी आणि कडवा विरोधक यांच्या मधे जो मोठा वर्ग बसलेला असतो, त्याच्यासाठी उत्तर द्यायचे असते.

शेवटचे पाऊल सभागृहाच्या नियमांचे होते. व्हरमाँटचे राल्फ फ्लँडर्स यांनी ठराव मांडला आणि यूटाचे आर्थर वॉटकिन्स यांच्या समितीने तो तपासला. दोघेही मॅकार्थीच्याच पक्षाचे, आणि समितीत दोन्ही पक्षांचे तीन-तीन सभासद. वॉटकिन्स यांनी दूरचित्रवाणीचे कॅमेरे आत येऊ दिले नाहीत. तमाशाला जागाच ठेवली नाही. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीच्या वर्तनाचा निषेध केला. त्यानंतर तो बोलत राहिला, पण वार्ताहर लिहून घेईनासे झाले. २ मे १९५७ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

आपल्याकडेही असे दाखले आहेत. आगरकरांच्या सुधारणावादी लिखाणाने चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. माणसाला याहून मोठी चिथावणी कोणती? त्यांनी त्या लोकांची उलट धिंड काढली नाही. ते ‘सुधारक’मध्ये एकेक रूढी घेऊन तिची कारणमीमांसा करीत राहिले, आणि १८९५ साली मृत्यूने लेखणी हातातून काढून घेईपर्यंत तेच करीत राहिले. आज त्या मिरवणुकीत कोण होते हे कुणाला ठाऊक नाही; त्यांचे निबंध मात्र आपण अभ्यासतो. दुसरा दाखला राजकारणाच्या डावपेचाचा आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत बड्या आघाडीने ‘इंदिरा हटाव’ हा नारा दिला. इंदिरा गांधींनी आपल्या बचावाचे भाषण केले नाही. ते म्हणतात इंदिरा हटाव, मी म्हणते गरिबी हटाव, एवढेच त्या सांगत गेल्या, आणि त्यांच्या पक्षाला ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. गरिबी किती हटली हा वेगळा विषय आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण विषय कुणी ठरवायचा, हा प्रश्न त्यांनी एका वाक्यात निकालात काढला, हे मान्य करावे लागते.

या साऱ्यातून माझ्यापुरता निष्कर्ष असा निघतो. चिथावणीच्या भाषणाला उत्तर द्यावे, जरूर द्यावे. गप्प बसणे हे ज्यांच्यावर बोट रोखले आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे. पण उत्तर बोलणाऱ्याला नव्हे, ऐकणाऱ्याला द्यावे. त्याची खरी काळजी कोणती ते आधी ओळखावे आणि मोठ्याने मान्य करावी. मग एकच विधान घेऊन त्याचा पुरावा मागावा. आपल्याच गटातला, आपल्याच जातीचा, आपल्याच गावचा माणूस असे बोलला, तर इतरांच्या आधी आपण बोलावे. आणि शेवटी लोकांना ज्या प्रश्नापासून दूर नेले, त्या प्रश्नाकडे त्यांना परत आणावे.

हे सगळे मी पुस्तकांतून शिकलो, पण आमच्या गावात ते पुस्तकाशिवाय जाणणारे माणूस होते. निवडणूक झाली, तो उमेदवार निवडून आला. पुढच्या ग्रामसभेत त्याने पुन्हा आडाचा विषय काढला. मी या वेळी गप्प बसलो होतो, काय बोलावे याची जुळवाजुळव करीत. तेवढ्यात वस्तीवरची एक म्हातारी उठली. पदर सावरून म्हणाली, “बाबा, पाणी कमी हाय, त्ये खरं हाय. तुमच्या बायांनी बी रांगेत उभं ऱ्हायचं, आमी बी. माज्या घरात दिसाला दोन घागरी येत्यात. आमी कुनाचा आड घेतला त्येचं नाव सांग, मी आत्ता हितं मापी मागते. आन् नाव नसंल, तर नळाचं काय झालं त्ये सांग.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उमेदवाराने खाकरून घसा साफ केला. मागच्या बाजूने एक बाई म्हणाली, “खरंच की, नळाचं काय झालं?” ती वस्तीवरची नव्हती, गावातली होती. मग दुसऱ्या कुणीतरी तेच विचारले. उरलेली ग्रामसभा चर, पाइप आणि मंजुरीचे कागद यांवरच चालली.

त्या उन्हाळ्यात नळ आले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर एकच रांग होती, आणि तिच्यात वस्तीवरच्या घागरी होत्या.